गाळा मिळेल, रिवाजासकट

जुन्या जालन्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. आत शिरलात की समोर काचेच्या कपाटात बारीक काड्यांच्या फ्रेमा दिसतात, त्याखालच्या कप्प्यात घडी घातलेल्या काळ्याभोर घोंगड्या दिसतात, आणि थोडं थांबलात तर पायरीजवळच्या खुराड्यातली कोंबडी तुमची दखल घेते. नवं गिऱ्हाईक बाहेर जाऊन पुन्हा एकदा पाटी वाचून येतं. एकदा फ्रेमा विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला, टाय लावलेला. त्याने घोंगडीवर हात फिरवला आणि अदबीने विचारलं, "हे काचा पुसायचं कापड का?"

मी म्हटलं, "हो. आमच्याकडे धूळ फार."

या सगळ्याला जबाबदार आमची घरमालकीण. रस्ता तिला 'बाई' म्हणायचा, आम्ही भाडेकरू 'काकू' म्हणायचो. तळाला तीन गाळे आणि वर तिची माडी, एवढी तिची इस्टेट. ठेंगणी, रुंद, डोक्यावर घट्ट पदर आणि पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट. माडीचा जिना उभा होता आणि चपलेवर तिचा विश्वास नव्हता. "चप्पल माणसाच्या आधी खाली पोचती," म्हणायची.

दिवसभर ती माडीच्या लाकडी सज्जात खुर्ची टाकून बसायची आणि खालून जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारायची. तिचा आवाज मोंढ्यातल्या लिलावात वापरला गेला असता तर आडत्यांनी गाशा गुंडाळला असता.

"ए टोपीवाल्या, कुठून आला? काय पाह्यजे?"

माणूस दचकून वर बघायचा. वर बघितलं की संपलं. बाईच्या कठड्याखालून रिकाम्या हाताने जायची सोय नव्हती. एकदा एक हवालदार कुणाच्या तरी मागावर आमच्या रस्त्यात शिरला. बाईने त्याला हटकलं, गाव विचारलं, आईची तब्येत विचारली आणि तिन्ही गाळ्यांतून फिरवलं. तो हिरड्याची पुडी, अत्तराची कुपी आणि वाचायचा चष्मा घेऊन बाहेर पडला. ज्याच्या मागावर आला होता, तो तोवर आरामात चहा पिऊन गेला.

तिची दुसरी सवय जास्त अडचणीची होती. रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानाला ती आजच्या नावाने ओळखत नसे. आधी तिथे जे होतं, तेच तिच्या लेखी अजून होतं. कोपऱ्यावर पैसे काढायचं यंत्र बसलं, पण ती म्हणायची, "कंदीलवाल्याकडून पैशे काढून आण." नव्या पद्धतीचं सलून म्हणजे 'सरबतवाला'. औषधांचं दुकान म्हणजे 'खोगीरवाला'. स्टेशनवरून पाहुणा आला की ती फोनवर रिक्षावाल्याला पत्ता सांगायची, "खोगीरवाल्यावरून आत ये, कंदीलवाल्याला वळ." रिक्षावाला तरुण असला तर पाहुणा दुसऱ्या बाजूला गावाबाहेर निघायचा.

आम्हालाही तिने तसंच बसवलं होतं. माझ्या गाळ्यात पूर्वी घोंगड्या मिळत, म्हणून मी घोंगडीवाला. शेजारी मोबाइलचं दुकान, तिथे पूर्वी अत्तरं मिळत, म्हणून तो अत्तरवाला. तिसऱ्या गाळ्यात एक ताई झेरॉक्सचं मशीन घेऊन बसतात. तिथे पूर्वी एक वैद्य पाळंमुळं विकायचा, म्हणून त्या वैदीणबाई. नुसती नावं असती तर आम्ही हसून सोडलं असतं. पण बाईचा रिवाज होता. गाळा घ्यायचा तर आधीच्या दुकानातली एक वस्तू विकायला ठेवायची. त्यामुळे मोबाइलवाल्याच्या काउंटरवर चार्जरांच्या शेजारी अत्तराच्या कुप्या असतात आणि झेरॉक्स मशीनशेजारी हिरडा, बेहडा, मुरडशेंग.

"दुकान बंद होतं," बाई म्हणायची. "गिऱ्हाईक बंद होत न्हाई. माणूस वस्तूला येत न्हाई रे, उंबऱ्याला येतो."

हा रिवाज मला पहिल्यांदा कळला त्या दिवशीची गोष्ट सांगतो. मी मंठ्याकडचा. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. आम्ही बौद्ध. डोळे तपासायचा कोर्स करून मी जालन्यात गाळा शोधायला आलो, तेव्हा हा रस्ता मला फार आवडला. दाण्याची, कापडाची दुकानं, रोज खेड्यांतून येणारी माणसं, आणि प्रत्येकाला चाळिशी कधी ना कधी लागणारच. रिकामे गाळेही होते. मालक प्रेमाने दाखवायचे. पाणी द्यायचे. मग गाव विचारायचे, वडिलांचं नाव विचारायचे, आडनाव विचारायचे, आणि मग त्यांना आठवायचं की गाळा कालच दिला. एका आठवड्यात मी त्या रस्त्यावर जिथे जिथे विचारलं, तिथला गाळा कालच गेलेला होता. कालचा दिवस त्या रस्त्याला फार तेजीचा गेला असावा.

शेवटी मी परत निघालो आणि वरून हाक आली. "ए पिशवीवाल्या, कुठून आला? काय पाह्यजे?"

मी वर बघितलं. म्हटलं, "गाळा पाहिजे."

"काय विकणार?"

"चष्मे."

ती कठड्यावरून खाली वाकली. मला वाटलं आता आडनाव. मी तोंडात तयारच ठेवलं होतं.

"घोंगडी ठेवशील का?" ती म्हणाली.

त्या क्षणी तिने हत्ती ठेवशील का विचारलं असतं तरी मी सोंडेचं माप घेतलं असतं. मी हो म्हणालो आणि किल्ली वरून माझ्या पायाशी येऊन पडली.

मला बरीच वर्षं वाटायचं की रिवाज जुना आहे, बाईच्या सासऱ्याच्या वेळचा वगैरे. मग समोरचे दाण्याचे व्यापारी नंबर तपासायला आले. रस्त्यातले वजनदार गृहस्थ. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, नाकावर ती तपासायची जड फ्रेम चढवली आणि एकेक काच बदलत होतो. माणसाच्या नाकावर ती फ्रेम असली की तो खोटं बोलत नाही, हा माझा अनुभव आहे. एक डोळा झाकलेला असतो, रुबाब राहत नाही.

"तुमाला गाळा दिला तवा आम्ही चौघंजण वर गेल्तो," ते म्हणाले. "बाईला म्हणलो, कोणाला दिलं?"

"मग?" मी काच बदलली.

"ती म्हणली, घोंगडीवाल्याला. म्हणलो, बाई, घोंगडीवाला मरून किती वर्षं झाली. ती म्हणली, तो मेला, घोंगडी न्हाई मेली. तुझा बाप इथूनच नेत होता. तुला पाह्यजे का?"

"आता कसं दिसतं?"

"आता बराबर दिसून राह्यलं."

"पुढे काय झालं?"

"काय व्हायचंय? असला रिवाज आमी कदी ऐकला न्हवता, पण चौघंबी खाली आलो आन तुमच्याकडून एकेक घोंगडी घेतली. तुमची बोहणी आमीच केली म्हणा की."

रिवाज त्या दिवशी जन्माला आला होता. माझ्याआधी त्या गाळ्यांमध्ये कुणालाच काही ठेवावं लागलं नव्हतं. अत्तरवाला आणि ताई माझ्यानंतर आले आणि माझ्यापायी त्यांच्या गळ्यात अत्तर आणि मुरडशेंग पडली. मी जिना चढून बाईला म्हणालो, "काकू, मला एकट्यालाच लावायचा होता की नियम. या दोघांना कशाला?"

ती बशीतला चहा फुंकत होती. "एकाला लावला तर त्याला शिक्षा म्हणत्यात," ती म्हणाली. "समद्यांना लावला तर रिवाज. जा, खाली गिऱ्हाईक आलंय."

पहिल्या दिवसापासून हसनाबादकडचे एक धनगर आजोबा मला घोंगड्या आणून देतात. त्या मी कपाटाच्या दर्शनी भागात लावतो. चष्म्याच्या फ्रेमा वर्षाला बदलतात, घोंगडी एकदा नेली की माणूस दहा वर्षं नाव घेत नाही. धंदा म्हणून वाईट. पण घेणारा जो येतो तो कपाटाजवळ उभा राहून आपल्या वडिलांबद्दल बोलतो, आणि बोलता बोलता त्याला लांबचं धूसर दिसतंय हे मला कळतं.

आता मुख्य खेळ.

बाईला मूलबाळ नव्हतं. पुण्याला बहिणीचा मुलगा होता. माणूस चांगला, मावशीवर जीव, पण त्याला जालन्यात आलं की शिंका यायच्या. एके दिवशी तो मोठ्या गाडीतून एका कंपनीच्या माणसाला घेऊन आला. कंपनीला तयार कपड्यांचं मोठं शोरूम टाकायचं होतं. तिन्ही गाळे, वरची माडी, सगळंच पाहिजे होतं. मावशीने पुण्याला फ्लॅटमध्ये राहायला जायचं, लिफ्टने खालीवर करायचं आणि बूट काढून ठेवायचे.

आम्ही तिघं जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर कान लावून बसलो.  मला दुसरीकडे गाळा शोधायचा म्हणजे पुन्हा प्रत्येक उंबऱ्यावर तो 'काल' ऐकायचा. अत्तरवाल्याने दुकानावर कर्ज काढून काचेचं काउंटर केलं होतं. ताईंचं घर त्या मशीनवर चालत होतं. आमचा सगळा भरवसा घोंगडीवर होता. शोरूमवाला घोंगडी आणि मुरडशेंग कशाला ठेवील?

वरून बाईचा आवाज आला, "माझा रिवाज जो पाळंल त्याला गाळा. हे मी समद्या रस्त्यासमोर बोललेली हाय. घोंगडी ठेवावी लागंल. अत्तर. हिरडा-बेहडा."

"अहो मावशी, क्या बात है," कंपनीचा माणूस म्हणाला. "आम्हाला हेच तर पाहिजे. आत शिरल्याशिरल्या एक कोपरा करू. जुन्या जालन्याची आठवण. लोक फोटो काढतील."

भाचा म्हणाला, "बघ मावशी. सगळं मान्य आहे त्यांना."

  बाई स्वतःच्याच शब्दाला बांधली गेली होती. तिने आमच्यासाठी बांधलेल्या भिंतीला कंपनीच्या माणसाने हसत हसत दार पाडलं होतं.

मी अत्तरवाल्याकडे बघितलं. त्याचा चेहरा त्याच्या दुकानातल्या फुटक्या स्क्रीनसारखा झाला होता. मग तो अचानक उठला, दोन दोन पायऱ्या चढून वर गेला आणि म्हणाला, "काकू, माझ्या गाळ्याचं तुम्ही अर्धंच सांगून राह्यले."

"अर्धं म्हंजे?"

"अत्तराच्या आधी तिथं चारा विकत होते. टांग्याच्या घोड्यांचा. तो पण ठेवावा लागंल ना?"

त्या रस्त्यावर चारा कधी विकला गेला असेल तर तो फक्त त्या क्षणी अत्तरवाल्याच्या डोक्यात. बाईने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मी पाठोपाठ वर पोचलो होतो, म्हणून मला दिसलं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"बराबर," ती म्हणाली. "चारा होता. मी इसरलेच."

मग मला राहवेना. मला मुळात नाटकाची आवड. "माझ्या गाळ्यात घोंगडीच्या आधी," मी म्हणालो आणि सगळे माझ्याकडे वळले. खरं तर तोंडात काहीच नव्हतं. खालून कुणाची तरी कोंबडी ओरडली. "कोंबड्या. जिवंत."

"जिवंत," बाई मान डोलावत म्हणाली. "मोठ्या खुराड्यात. सकाळी काय आवाज असायचा."

ताई दारात उभ्या होत्या. त्यांनी फार विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडं तर आधी पाणपोई होती. रांजण असायचा पाण्याचा."

"होता," बाई म्हणाली. "थंडगार पाणी."

कंपनीच्या माणसाचं हसू हळूहळू आवरत होतं. "मावशी, चारा आणि कोंबड्या... शोरूम एसी असतं आमचं."

"मंग काय झालं? गरमीचे दिवस असत्यात. त्यांना पण बरं वाटंल."

"नाही, पण वास... कपड्यांना..."

"कपड्यांच्या आधी कोंबड्या होत्या ना, भाऊ. त्यांचा हक्क पयला."

भाच्याला शिंका सुरू झाल्या. त्याने शिंका देत देत मावशीला समजावलं, आम्हाला झापलं, आणि कंपनीच्या माणसाला घेऊन खाली उतरला. गाडी सरबतवाल्याला वळून दिसेनाशी झाली. आम्ही तिघं वरच उभे. अत्तरवाला हसायला लागला, मी हसायला लागलो. बाई हसली नाही.

"उद्यापासून ठेवायचं," ती म्हणाली.

"काय ठेवायचं?"

"चारा. कोंबड्या. पाणी."

"काकू, ते तर आम्ही असंच..."

"असंच काय? खोटं बोलले?"

आम्ही पायांकडे बघितलं. आमच्यात नजर वर ठेवून उभ्या होत्या त्या फक्त ताई.

"ह्या रस्त्यावर तुमच्या आधी काय होतं हे सांगणारी मी एकटी उरलेय," बाई म्हणाली. "मी हो म्हणलं म्हंजे होतं. पण आता तुमी ते ठेवलं न्हाई, तर खोटी कोण पडंल? मी. आन मी खोटी पडले तर तो गाडीवाला उद्या सकाळी परत येईल. चला, जल्दी करा."

असा मी चष्मेवाला, घोंगडीवाला आणि कोंबडीवाला झालो. डोळे तपासताना माणूस सगळ्यात खालची ओळ वाचायला लागतो आणि नेमकी तेव्हाच कोंबडी अंडं घातल्याची जाहिरात करते. काहीजण दचकून वरच्या ओळीवर परत जातात, त्यांचा नंबर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा काढतो. अत्तरवाल्याचे हाल माझ्याहून वाईट झाले. त्याने पेंढी बाहेर लावली की रस्त्यातल्या सगळ्या शेळ्या मोबाइलच्या दुकानासमोर रांगेत उभ्या राहायच्या, आणि त्या सुट्टे पैसे आणत नसत. ताईंनी मात्र दारात एक रांजण ठेवला, त्यावर झाकण ठेवलं आणि मोकळ्या झाल्या. पाणी प्यायला थांबलेला माणूस सावलीत उभा राहून खिसे चाचपतो, तेव्हा त्याला आठवतं की आधार कार्डाची झेरॉक्स काढायची राहिली आहे.

"तुम्हाला पाणपोईच कशी सुचली?" मी त्यांना विचारलं.

"मला काकू कळतात," त्या म्हणाल्या. "जे बोलू ते भोगावं लागणार, हे मला पायरीवरच कळलं होतं. तुम्ही दोघं पुरुष, तुम्हाला टाळ्या पाहिजे होत्या."

पण खरी गंमत नंतर झाली. एका बाजाराच्या दिवशी कुठल्या तरी खेड्यावरचे एक वयस्कर गृहस्थ माझ्या दुकानात आले, खुराड्यापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "माझा बाप इथूनच न्यायचा कोंबड्या. हाच उंबरा. मी लहानपणी आल्तो त्याच्यासंगं."

मी म्हणालो, "नक्की इथूनच?"

"बिलकुल इथूनच. तवा हे चष्मे-बिष्मे नव्हते." त्यांनी दोन कोंबड्या घेतल्या. मी अत्तरवाल्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. सज्जातून आवाज आला, "काय रे कोंबडीवाल्या, मी म्हणलं न्हवतं?" आजपर्यंत मला ठरवता आलेलं नाही की आम्ही खोटं बोललो होतो की चुकून खरं.

बाई दोन वर्षांपूर्वी गेली. थोडक्या आजारात, माडीवरच, खाली काय चाललंय याची चौकशी करत. भाचा आला, सगळं रीतसर केलं. आम्ही पुन्हा त्याच पायऱ्यांवर बसलो होतो, या वेळी ऐकायला वर कुणी बोलत नव्हतं. तो खाली आला आणि आमच्यात बसला.

"मावशीने मला शब्द द्यायला लावला," तो म्हणाला. "गाळे विकायचे तर विक म्हणाली, पण रिवाजासकट. मी तीन जणांना विचारून बघितलं. कोंबड्यांपर्यंत कुणीच पोचत नाही. चाऱ्यालाच फोन ठेवतात."

अत्तरवाल्याने सुस्कारा सोडला. त्या चाऱ्याला त्याने किती शिव्या घातल्या होत्या हे मी सांगणार नाही.

"तेव्हा तुम्ही राहा," भाचा म्हणाला. "माडी मात्र भाड्याने देतोय. मंठ्याची एक मुलगी आहे, ब्यूटी पार्लर टाकायचं म्हणतेय. उद्या येईल." मग त्याने नाक पुसलं. शिंक नव्हती. "तिला काय ठेवायला सांगू? वर तर मावशी काहीच विकत नव्हती."

 मी बूट म्हणालो, अत्तरवाला खुर्ची म्हणाला. ताई म्हणाल्या, "हाक होती."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. हातात स्टीमरचा खोका, कानात इअरफोन. तिला आम्ही रिवाज समजावून सांगितला. रोज सकाळी दुकान उघडलं की सज्जात उभं राहायचं आणि खालून जाणाऱ्या एका तरी अनोळखी माणसाला विचारायचं, कुठून आलात, काय पाहिजे. तिने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. मला वाटलं, ही परत मंठ्याची बस पकडते.

"एकालाच ना?" ती म्हणाली. "मंग ठीक आहे."

आम्ही तिघं दुकानं सोडून रस्त्याच्या मधोमध उभे राहिलो. समोरचे दाण्याचे व्यापारी गादीवरून उठून बाहेर आले. खालून एक गृहस्थ छत्री बगलेत धरून चालले होते.

"ओ काका," वरून आवाज आला. बारीक होता, पण पोचला. "कुठून आलात? काय पाहिजे?"

गृहस्थ थांबले. वर बघितलं. "काही नको पोरी. असाच चाललोय."

"मंग बसा ना थोडं," ती म्हणाली. "सावली आहे खाली."

ते ताईंच्या पायरीवर बसले. अत्तरवाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हे तिला कोणी शिकवलं?"

कुणीच नाही. काकू असं कधी म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी निदान हिरडा तरी गळ्यात मारला असता.